एका पाताळाची बखर

इतिहास म्हटला की राजवंश, लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांचीच आठवण प्रथम होते. परंतु माणूस आपल्या आयुष्याचा जो भाग करमणुकीत घालवतो त्यालाही इतिहास असतो, आणि तो लिहिणे पुष्कळदा राजकारणाच्या इतिहासाहून अवघड जाते. तहाचा कागद दप्तरात राहतो. नाटकाचा प्रयोग पडदा पडताच संपतो आणि पाठीमागे उरतात त्या केवळ प्रेक्षकांच्या आठवणी. संगणकावरील खेळांची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. खेळ तबकडीवर जसाच्या तसा राहतो खरा. पण ज्या यंत्रावर तो चालायचा ते यंत्र दहा-पंधरा वर्षांत अडगळीत जाते, तो काढणारी संस्था बंद पडते, त्याची मालकी या हातातून त्या हातात जाते, आणि तबकडी जवळ असूनही खेळ मात्र मुका होतो. अशा वेळी त्याचा इतिहास जपण्याचे काम त्याच्या चाहत्यांकडे येते. १९९२ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड : द स्टिजियन ॲबिस’ हा खेळ याचे एक बोलके उदाहरण आहे.

हा खेळ म्हणजे एका मोठ्या वृक्षाची फांदी होय. मूळ वृक्ष ‘अल्टिमा’ या नावाच्या मालिकेचा. टेक्सासात वाढलेल्या रिचर्ड गॅरियट या तरुणाने तिचा पहिला भाग १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. या जातीच्या खेळात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, काल्पनिक देशात हिंडतो, तेथील रहिवाशांशी बोलतो, शस्त्रे आणि विद्या संपादन करतो व अखेर एखादे अवघड कार्य सिद्धीस नेतो. आरंभीच्या भागांत हे कार्य म्हणजे कोणा दुष्टाचा वध असे. १९८५ च्या चौथ्या भागात गॅरियट यांनी ही चाकोरी सोडली. तेथे मारावयास खलनायकच नव्हता. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून आदर्श पुरुष होणे हेच त्या खेळाचे साध्य होते. आंधळ्या दुकानदाराला ठरल्याहून कमी पैसे देता येत. पण त्या फसवणुकीची नोंद कोठेतरी होत असे आणि पुढे ती आड येत असे.

या आदर्श पुरुषाला नाव दिले होते ‘अवतार’. भारतीय श्रोत्याला हा शब्द परका नाही. मात्र त्याच्या अर्थाची तेथे झालेली उलटापालट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे ईश्वर खाली उतरून मानवी देह धारण करतो. गॅरियट यांच्या ब्रिटानिया नामक देशात खेळणारा माणूसच आपल्या घरातून त्या जगात उतरतो आणि तेथे देह धारण करतो. त्यामुळे तेथील बऱ्यावाईट कृत्यांची जबाबदारी पात्रावर ढकलता येत नाही. ती खेळणाऱ्याच्याच अंगावर येते. मालिकेचे चाहते पुढे जन्मभर तिच्याशी बांधलेले राहिले, याचे एक कारण या शब्दात आहे.

‘अंडरवर्ल्ड’ची कल्पना मात्र या मालिकेच्या घरात जन्मलेली नव्हती. पॉल न्यूरॅथ हे गॅरियट यांच्या ‘ओरिजिन सिस्टिम्स’ या संस्थेसाठी ‘स्पेस रोग’ नावाचा खेळ पुरा करून १९८९ च्या सुमारास बाहेर पडले होते. १९८७ साली निघालेल्या ‘डन्जन मास्टर’ या खेळाने ते प्रभावित झाले होते. त्या खेळात भुयार समोर दिसे, पण त्यातून चालणे पावलापावलाने होई. एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात उडी, आणि वळणे झाल्यास थेट काटकोनात. माणूस चालतो तसे सलग चालता यावे, मान वर करून छत आणि खाली घालून दरी पाहता यावी, असे भुयार न्यूरॅथ यांना हवे होते. १९९० मध्ये त्यांनी न्यू हॅम्पशर राज्यातील सेलम या गावी ‘ब्लू स्काय प्रॉडक्शन्स’ ही छोटी संस्था काढली. ख्रिस ग्रीन यांनी भिंतींच्या पृष्ठभागावर चित्र चढवण्याची गणिती रीत रचून दिली. म्हणजे पूर्वीच्या सपाट रंगांच्या जागी दगड, लाकूड, शेवाळ दिसू लागले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये एका व्यापारी प्रदर्शनात या कामाचा नमुना दाखवण्यात आला. तो पाहून ओरिजिनने प्रकाशनाची जबाबदारी घेतली आणि या नव्या भुयाराला अल्टिमाचे नाव व ब्रिटानियाची भूमी देण्याचे ठरले. एमआयटीत शिकलेले डग चर्च यांच्याभोवती तरुण मंडळी जमली; ओरिजिनच्या बाजूने पुढे वॉरन स्पेक्टर यांनी देखरेख केली. अशा रीतीने एका परक्या कल्पनेला अल्टिमाच्या घराण्यात दत्तक घेतले गेले.

बाजारात आल्यावर या दत्तक पुत्राचे फारसे कौतुक झाले नाही. आरंभीची विक्री मंद होती आणि प्रकाशकांनीही जाहिरातीचा हात आखडता घेतला. पण ज्यांनी तो खेळला त्यांनी मित्रांना सांगितले, मित्रांनी आणखी कोणाला सांगितले, आणि तोंडोतोंडी पसरत पुढील काही वर्षांत विक्री पाच लाख प्रतींच्या घरात पोहोचली. म्हणजे या खेळाची कीर्तीच मुळी आठवणींच्या आधारे उभी राहिली.

खेळाची कथा मालिकेच्या जुन्या भागांशी जोडलेली आहे. स्टिजियन ॲबिस हे चौथ्या भागातील अंतिम भुयार. अवताराचे कार्य पूर्ण झाल्यावर सर कॅबिरस या सज्जनाने तेथे एक वसाहत स्थापली. माणसे, डोंगरवासी बुटके, सरडेमानव, गॉब्लिन अशा परस्परांचे वैर असलेल्या जाती तेथे गुण्यागोविंदाने नांदाव्यात ही त्याची आकांक्षा होती. आठ गुणांची प्रतीके असलेल्या आठ दिव्य वस्तू त्याच्यापाशी होत्या. त्या वसाहतीतील लोकांना देऊन हे गुण रुजवायचे, असा त्याचा बेत होता. पण वाटप होण्यापूर्वीच तो मरण पावला. वस्तू पांगल्या, लपवल्या गेल्या, हरवल्या, वसाहत दुभंगली. खेळणारा त्या भुयारात उतरतो तो या पडझडीनंतर. एका सरदाराची मुलगी पळवून नेल्याचा आळ त्याच्यावर आला आहे आणि तिला शोधून आणल्याखेरीज त्याची सुटका नाही. भुयाराचा दरवाजा त्याच्या पाठीमागे बंद होतो.

येथपासून जे घडते त्यात या खेळाचे वैशिष्ट्य आहे. कॅबिरसचे स्वप्न काय होते आणि ते का मोडले, हे सलगपणे सांगणारा सूत्रधार तेथे नाही. ते ज्याच्या त्याच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळते. करड्या गॉब्लिनांची हकीकत हिरव्या गॉब्लिनांना मान्य नाही. बुटक्यांचा राजा आपल्या खजिन्यापलीकडे बोलत नाही. एका मजल्यावर जुन्या पंथाचे सरदार आपल्या गतवैभवाच्या खुणा सांभाळून बसले आहेत. कोणाला थोडे आठवते, कोणाला चुकीचे आठवते, कोणी मुद्दाम लपवतो. खेळणाऱ्याने हे सारे ऐकायचे, ताडून पाहायचे आणि त्यातून खरे काय ते ठरवायचे. तलवार उपसून दिसेल त्याला मारण्याची मोकळीक त्याला आहेच. पण मेलेला मनुष्य साक्ष देत नाही, आणि हातघाईने वागणाऱ्याच्या वाटा एकेक करून बंद होत जातात. बखरींतून इतिहास निवडून काढणाऱ्या संशोधकाचे आणि या खेळणाऱ्याचे काम मूलतः एकच आहे.

जुन्या चाहत्यांना आज या खेळातले काय आठवते, हे पाहिले तर एक मौजेची गोष्ट दिसते. कथेच्या अखेरीस एका भयंकर राक्षसाला जगाबाहेर घालवायचे असते. पण त्या विजयाची आठवण फारशी कोणी आवर्जून सांगत नाही. आठवतो तो अंधार. मशाल जळत जळत संपते आणि दुसरी नसली तर चार हातांवरचे दिसेनासे होते. आठवतात पायांखाली वाहणारे भूमिगत ओढे आणि त्यांच्या प्रवाहात वाहून जाणे. मक्याचे कणीस पेटत्या मशालीवर धरले की त्याच्या लाह्या होतात, हे अमुक एका संध्याकाळी सहज समजले, याची आठवण सांगणारे आहेत. काठीला बळकट धागा बांधून मासे धरल्याचे, कुजक्या अळ्यांच्या मांसाचा रस्सा शिजवल्याचे स्मरण अनेकांना आहे. या गोष्टी खेळ जिंकण्यासाठी बहुधा लागत नाहीत. पण जेथे स्वयंपाक करता येतो, झोपावे लागते, भूक लागते आणि अंगावरचे कपडे-हत्यारे झिजतात, तेथे मनुष्य नुसता जात नाही. काही काळ राहतो. लोकांना एखादे गाव आठवावे तसे हे भुयार आठवते.

सरडेमानवांच्या मजल्याची आठवण जवळजवळ सर्वांनाच असते. त्यांची भाषा खेळणाऱ्याला येत नाही. कोशही नाही. त्यांच्या कैदेत एक मुका माणूस आहे. त्याला एकेक शब्द विचारावा, तो हातवाऱ्यांनी अर्थ सुचवणार. तो नीट समजला तर पुढच्या सरडेमानवाशी दोन शब्द बोलता येणार. परक्या समाजात प्रथमच गेलेल्या माणसाची जी गाळण उडते आणि पहिला शब्द लागू पडल्यावर त्याला जो आनंद होतो, तो येथे खेळातून मिळे. दुसरी अशीच आठवण बासरीची. एक दिव्य चषक मिळवण्यासाठी एक विशिष्ट धून वाजवावी लागते. ती कोणाकडून तरी शिकायची आणि संगणकाच्या कळा दाबून, एकेक स्वर मोजत, योग्य जागी वाजवायची. देवस्थानांपुढे उभे राहून मंत्र म्हणावा आणि कौशल्य वाढावे, अशीही योजना होती; ‘मंत्र’ हाच शब्द तेथे वापरला होता. जॉर्ज सँगर आणि डेव्ह गॉव्हेट यांचे संगीत प्रसंग पाहून आपोआप बदलत असे. शत्रू दिसण्यापूर्वीच सुरांची चाल बदलल्यामुळे छाती धडधडू लागे, असे सांगितले जाते. उलट आरंभीच्या दृश्यातील बोलके आवाज इतके नाटकी होते की त्यांची आठवण हसत हसतच निघते.

या सर्वांत अधिक बोलकी आठवण नकाशाची आहे. खेळणारा जसजसा पुढे जाई तसतसा भुयाराचा नकाशा जुन्या कातड्यावर रेखल्याप्रमाणे आपोआप उमटे. पण त्याच्या समासात व मध्ये, हवे तेथे, स्वतःच्या शब्दांत टिपणे लिहिण्याची सोय होती. ‘येथे पाणी खोल’, ‘हा दरवाजा किल्लीवाचून उघडत नाही’, ‘याच्यावर विश्वास ठेवू नये’ अशा धर्तीची ती टिपणे. आठही मजले पुरे होईपर्यंत प्रत्येकाचा नकाशा दुसऱ्याहून वेगळा झालेला असे. रेषा सर्वांच्या सारख्या. टिपणे ज्याची त्याची.

चाहत्यांच्या आठवणी इतिहासाचे साधन म्हणून वापरायच्या, तर त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. स्मृती अंतर मिटवते आणि उणिवा झाकते. अनेकांना वाटते की ते भुयार पडदाभर पसरलेले होते. वस्तुतः ते दृश्य पडद्याच्या एका मर्यादित चौकटीत दिसे, आणि उरलेली जागा सामानसुमान, होकायंत्र व संदेश यांनी व्यापलेली असे. त्या वेळच्या सामान्य यंत्रांवर त्याची गतीही मंद होती. १९९२ च्याच मे महिन्यात ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ हा खेळ आला. तो कितीतरी वेगवान होता. पण त्याची जमीन सपाट आणि भिंती काटकोनी. उतार, पूल, उड्या, पोहणे, वर-खाली पाहणे या ‘अंडरवर्ल्ड’च्या गोष्टी त्यात नव्हत्या. लोकप्रियतेचा मोठा प्रवाह वेगाच्या मागे गेला, आणि अंडरवर्ल्डच्या चाहत्यांच्या मनात ‘पहिले आम्ही’ ही भावना घर करून राहिली.

या अग्रहक्काच्या वादातही स्मृतींचा मेळ बसत नाही. न्यूरॅथ यांच्या सांगण्याप्रमाणे वुल्फेन्स्टाइनचे कर्ते जॉन कारमॅक आणि जॉन रोमेरो यांनी अंडरवर्ल्डचा नमुना १९९० मध्येच पाहिला होता, आणि याहून वेगवान रीत आपण लिहू शकू असे कारमॅक तेव्हा म्हणाले. दुसऱ्या बाजूच्या कथेत हीच गोष्ट १९९१ च्या एका दूरध्वनी-संभाषणाशी जोडलेली आहे. रोमेरो यांना न्यूरॅथ यांच्याकडून या नव्या रीतीची वार्ता कळली आणि त्यांनी ती कारमॅक यांना सांगितली. दोन्ही कथा सांगणारी माणसे प्रत्यक्षदर्शी आणि प्रामाणिक. तरी प्रसंग जुळत नाहीत. अवघ्या काही वर्षांपूर्वीच्या, जिवंत साक्षीदारांच्या घटनेची ही गत, तर शतकांपूर्वीच्या घटनांविषयी बखरकारांत मतभेद असावेत यात नवल कसले? दोन्ही कथांतून एवढे मात्र निश्चित निघते की ही विद्या त्या काळी हवेत होती आणि सेलम गावच्या त्या छोट्या संस्थेने ती फार लवकर हस्तगत केली होती.

पुढची हकीकत कॅबिरसच्या वसाहतीसारखीच आहे. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये ओरिजिन ही संस्था इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतली. ब्लू स्काय दुसऱ्या एका संस्थेशी एकरूप होऊन ‘लुकिंग ग्लास’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९९३ च्या जानेवारीत खेळाचा दुसरा भाग आला. तिसरा कधीच आला नाही. २००० साली लुकिंग ग्लास बंद पडली आणि २००४ मध्ये ओरिजिनही. निर्माते पांगले, नाव एकाकडे राहिले, विद्या दुसरीकडे गेली. फ्रान्समधील आर्केन या संस्थेला तिसरा भाग करावयाचा होता; परवानगी न मिळाल्याने तिने त्याच प्रेरणेतून २००२ मध्ये ‘आर्क्स फॅटॅलिस’ हा स्वतंत्र खेळ काढला. स्वतः न्यूरॅथ यांनी २०१५ मध्ये नव्या पाताळासाठी लोकवर्गणी मागितली, तेव्हा जुन्या चाहत्यांनी साडेआठ लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमा केली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘अंडरवर्ल्ड असेंडंट’ आला आणि त्याने बहुतेकांची निराशा केली. त्याचे दोष तांत्रिक होते हे खरे. परंतु वीस-पंचवीस वर्षे मनात घोटवलेल्या आठवणीच्या तुलनेला उतरेल असा खेळ बांधणे कोणालाही सोपे गेले नसते.

मूळ खेळ मात्र जिवंत राहिला, आणि त्याचे श्रेय मुख्यतः खेळणाऱ्यांच्या पदरी पडते. त्यांतील काहींनी तबकडीवरील संचिकांची रचना अंकाअंकाने उलगडली, तिची टिपणे करून सर्वांसाठी ठेवली, आणि नव्या यंत्रांवर हे भुयार पुन्हा उभे करण्याचे प्रयत्न विनामोबदला केले. जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्स या कार्यक्रमामुळे मुका झालेला खेळ पुन्हा बोलू लागला. १९९२ मध्येच ‘अल्टिमा ड्रॅगन्स’ नावाचा चाहत्यांचा संघ निघाला होता. त्याचे सभासद आपल्या नावात ‘ड्रॅगन’ हे उपपद लावीत आणि एकमेकांना अवघड जागी वाट दाखवीत. २०११ मध्ये जुने खेळ विकणाऱ्या गॉग या पेढीने दोन्ही भाग पुन्हा विक्रीस आणले. दहा वर्षांनी, २०२१ च्या जूनमध्ये, ते विक्रीतून काढून घेण्यात येत असल्याचे जाहीर झाले आणि चाहत्यांत खळबळ उडाली. त्याच वर्षी, थोड्याच काळात, ते परत आले. काही दिवस तर विनामूल्यही देण्यात आले. परिणाम सुखद झाला. परंतु एका निर्णयासरशी संपूर्ण ग्रंथ फडताळातून नाहीसा व्हावा, अशी ही स्थिती किती नाजूक आहे, हे त्या थोड्या दिवसांत स्पष्ट झाले.

यातून निघणारा बोध खेळापुरता नाही. ज्या पिढीने आपले तारुण्य संगणकाच्या पडद्यासमोर घालवले, तिच्या करमणुकीचे, मैत्रीचे आणि कल्पनाविश्वाचे दप्तर असेच ठिसूळ आहे. नुसती तबकडी जपली तर हाती रेषांचा नकाशा येईल. त्या भुयारात माणसे कशी राहिली हे कळणार नाही. नुसत्या आठवणी जपल्या तर समासातील टिपणे उरतील. त्यांच्याखालचा नकाशा नाहीसा होईल, आणि कोणाचे टिपण खरे व कोणाचे रंगवलेले, हे ठरवण्यास आधारच राहणार नाही. कॅबिरसने आठ वस्तू जमवल्या, पण त्या वेळीच योग्य हाती सोपवल्या नाहीत. त्याच्या मागे वसाहतीत फक्त परस्परविरोधी कहाण्या उरल्या. स्टिजियन ॲबिसच्या चाहत्यांना हा धडा इतर कोणाहून अधिक परिचयाचा असणार. म्हणूनच त्यांनी एका हाताने आठवणी लिहिल्या आणि दुसऱ्या हाताने संचिका उलगडल्या. या दोन्ही गोष्टी आज एकत्र ताडून पाहता येतात, आणि एवढ्या तरुण विषयाच्या इतिहासकाराला याहून मोठी अनुकूलता क्वचितच लाभते.